पहिल्या हाकेला वळायचं नसतं

देवानं हे जग निर्माण केलं तेव्हा आमच्या समोरच्या काकू तिथं हजर असत्या, तर हेच जग आपल्याला निम्म्या भावात पडलं असतं आणि वर मूठभर कोथिंबीरही मिळाली असती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. बँकेनं माझी जयपूरला बदली केली आणि मी झोटवाड्यातल्या एका जुन्या कॉलनीत भाड्यानं घर घेतलं. सामान अजून खोक्यांतच होतं, तेवढ्यात समोरच्या दारातून एक ठेंगण्या, सुती पातळाचा पदर खोचलेल्या बाई तांब्याभर ताक घेऊन आल्या. नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "भाडं कितीला ठरवलंस?" मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! आणि वरून काय दिलं त्यानं?" घरमालक भाड्यावर 'वरून' काही देतो ही कल्पनाच मला नवीन होती. मी म्हटलं, काही नाही. "थांब, मी बोलतो त्याच्याशी," असं म्हणून त्या गेल्या. काकू मूळच्या कोल्हापूरच्या, त्यामुळे तिकडच्या बायकांसारखं 'मी येतो, मी बोलतो' म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी घरमालक स्वतः एक कूलर हातगाडीवर लादून माझ्या दारात उभा! "काकूजी से पहले आप ही बोल देतीं," तो घाम पुसत म्हणाला. जयपूरची माणसं कुणालाही 'जी' लावल्याशिवाय राहत नाहीत. त्यामुळे सगळ्या कॉलनीत त्यांना 'काकूजी' म्हणत.

काकूंचे यजमान विमा कंपनीत अधिकारी होते. बदल्या करत करत जयपूरला आले, इथंच निवृत्त झाले आणि इथंच गेले. मुलगा परदेशात. घरात काकू एकट्या. पण एकटं माणूस गप्प असतं असा कुणाचा समज असेल, तर त्यानं तो काकूंच्या गल्लीबाहेर ठेवून यावं. काकू दिवसभर घासाघीस करत. डॉक्टरांनी आठवडाभर गोळ्या लिहून दिल्या की त्या पिशवीतून चष्मा काढून चिठ्ठी वाचत आणि म्हणत, "इतने दिन? जरा वाजबी बोलो जी." डॉक्टर हसत, एखादा दिवस कमी करत, आणि त्या बदल्यात संध्याकाळी फिरायला जाण्याचं वचन घेत. मी बँकेत आहे हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे ठेवीवर पाव टक्का 'वर घाल' म्हणून वर्षभर लकडा लावला होता. काकू, व्याजदर मी ठरवत नाही हो, असं मी कळवळून सांगायची, त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "मग जो ठरवतो त्याला चहाला बोलाव."

एकदा त्यांच्याबरोबर मी जयपूरजवळच्या बगरूला ठशांच्या छापाच्या चादरी घ्यायला गेले. एक चादर पहिल्याच नजरेत माझ्या मनात भरली आणि मी तसं बोलूनही गेले. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परीक्षेचा पेपर फोडला होता! "जे पाहिजे त्याच्याकडं बघायचंच नसतं, खुळे," त्या मराठीत कुजबुजल्या. "भेंडी पाहिजे असली तर वांग्याचा भाव विचारायचा." मग त्यांनी मला मुळीच नको असलेल्या एका चादरीवरून तासभर वाद घातला. छापणाऱ्यांचा चहा घेतला, रंग कसा शिजवतात ते विचारलं, त्यांच्या पोरीचं लग्न कुठं ठरलं ते काढून घेतलं, प्रत्येक चादरीत एकेक खोट काढली, आणि अचानक पदर सावरून उठल्या. "चलो, आगे देखते हैं." आम्ही बाहेर पडलो. मागून हाक आली, "माताजी, सुनिए तो!" मी वळणार तोच काकूंनी माझं मनगट धरलं. "पहिल्या हाकेला वळायचं नसतं! पहिल्या हाकेला वळलं की सौदा गेला." दुसरी हाक आली, तिसरी आली, मग तो माणूसच धावत आला, आणि माझी चादर, माझ्या मनातली चादर, काकूंच्या भावात माझ्या हातात पडली. वर दोन रुमाल. हे सगळं झाल्यावर महिनाभरानं त्या मला पुन्हा बगरूला घेऊन गेल्या, ते त्या पोरीच्या लग्नाला स्वतः वळलेले बेसनाचे लाडू द्यायला. वाचवलं त्याच्या दुप्पट त्या तुपात गेलं असेल. मी तसं म्हटलं, तर त्या मनापासून चकित झाल्या. "त्याचा काय संबंध? ते व्यवहाराचं, हे घरचं."

देवालाही त्यांनी सोडलं नव्हतं. नवस बोलताना नारळ किती, मोदक किती, याची गणपतीशी खुल्या आवाजात बोलणी चालत. मी एकदा चेष्टेनं विचारलं, देव ऐकतो का हो? काकू भडंगाच्या चुरमुऱ्यांना लसणाची फोडणी देत होत्या. झारा तसाच धरून म्हणाल्या, "ऐकतो की. हे आजारी होते तेव्हा मी दोन दिवाळ्या मागितल्या होत्या. एकीवर मिटवलं." मग त्यांनी चुरमुरे परतायला घेतले.

तर अशा या काकूंच्या गल्लीवर एक दिवस संकट आलं. आमच्या कॉलनीच्या मागच्या गल्लीला एका बंद पडलेल्या कारखान्याची लांबच लांब भिंत होती. त्या भिंतीच्या सावलीत, टोकाच्या कडुनिंबाखाली, संध्याकाळी भाजीचे ठेले लागत. त्यातला पहिला ठेला कमलाचा. काकू तिला 'कमळे' म्हणत आणि ती काकूंना 'माताजी' म्हणे. रोज संध्याकाळी दोघींचं कडाकडा भांडण होई. "क्या गं कमळे, इस भेंडी का तो मुंडी लटक गया," इथून सुरुवात होऊन "माताजी, आप तो मेरा घर लूट लोगी," इथवर ते पोचे. मग काकू विजयी मुद्रेनं पिशवी भरत, कमला वर कोथिंबीर टाके, आणि पुढचा तासभर दोघी एकमेकींच्या गुडघ्यांबद्दल बोलत बसत. माझी मुलगी म्हणायची, "आई, काकू मतलब भांडायलाच जातात ना तिथे?" तिला मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण तिचं मराठी तेवढं पुरत नव्हतं आणि माझं हिंदीही.

त्या कारखान्याच्या जागेवर मोठं दुकान येणार अशी बातमी आली. प्रचंड, वातानुकूलित, सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं एका छपराखाली. खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या बायकांना आतून गुदगुल्या झाल्या होत्या, मलाही झाल्या. पण मग नकाशा आला. दुकानाचं तोंड हमरस्त्याला, आणि मालाच्या ट्रकांचं फाटक आमच्या गल्लीत! भिंत फोडून, निंब तोडून, पहाटेपासून ट्रक आत-बाहेर. मग मात्र कॉलनी खडबडून जागी झाली. मुलं शाळेच्या बसला कुठं उभी राहणार, म्हातारी माणसं चालणार कुठं, हॉर्न किती वाजतील, धूळ किती उडेल. रोज कुणाच्या तरी अंगणात सभा आणि रोज नवी भीती. कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष शेखावतजी, पांढऱ्या भरघोस मिशांचे, इतके अदबशीर की चोराला पकडलं तरी आधी 'पधारो सा' म्हणतील. समोर कुणीही असो, तिकडच्या रीतीनं त्याला 'हुकम', म्हणजे 'मालक' म्हणायचे. ते प्रत्येक सभेच्या शेवटी म्हणायचे, "हुकम, कुछ करना पड़ेगा." आणि सगळे चहा पिऊन घरी जायचे.

काकू या सभांना यायच्या, पण बोलायच्या नाहीत, हेच मला विचित्र वाटत होतं. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तर ताट तसंच झाकलेलं. मला म्हणाल्या, "त्या भिंतीला फाटक पडलं की कमळी कुठं उभी ऱ्हाणार? ती जाईल कुठंतरी लांब. आणि ती गेली की संध्याकाळी मी बोलू कुणाशी? तू आज आहेस, उद्या तुझी बदली. भिंती काय भाव करत न्हाईत माझ्याशी." काकूंना कधी कुणाकडे काही मागताना मी पाहिलं नव्हतं. भाव करणं वेगळं आणि मागणं वेगळं. तेवढ्यात मला आठवलं आणि मी सहज म्हणून गेले, "काकू, ती गल्ली कॉलनीची आहे. समितीनं संमती दिल्याशिवाय त्यांना फाटक काढता येत नाही. त्यासाठीच कंपनीचा माणूस रविवारी येतोय." काकूंनी मान वर केली. डोळ्यांत ती बगरूची चमक! "म्हणजे घ्यायला तो येतोय? आणि माल आपल्याकडं हाय? अगं मग एवढे दिवस रडताय कशाला सगळे!"

दुसऱ्या दिवशी समितीची सगळी मंडळी काकूंच्या दिवाणखान्यात भडंग खात शिकवणी घेत होती. काकूंनी विचारलं, "आप को क्या मंगता?" शेखावतजी म्हणाले, "यही कि फाटक इधर न हो." "चूक!" काकू कडाडल्या. "फाटक का नाम भी नहीं लेने का. बोलने का, दुकानच नको!" मग खुर्च्या मांडून सराव झाला. काकू पदर सावरून 'चलो, आगे देखते हैं' म्हणतील, की सगळ्यांनी एकदम उठायचं आणि मागं न बघता बाहेर पडायचं. बाकी सगळ्यांना जमलं. शेखावतजींना जमेना. ते उठत, पण उठल्यावर आपसूक हात जोडत आणि रिकाम्या खुर्चीला म्हणत, "तो आज्ञा दीजिए, हुकम." "आज्ञा कशाला मागताय!" काकू कपाळ बडवून घेत. "सीधा उठने का! गुस्से में उठने का!" शेखावतजींनी मिशी पिळून पाहिली, भुवया चढवून पाहिल्या, पण राग काही येईना. शेवटी काकूंनी त्यांच्याशी नुसतं गप्प उठण्यावर मिटवलं.

रविवारी सकाळी त्या मागच्या गल्लीतल्याच कॉलनीच्या सभागृहात कंपनीचा माणूस आला. तरुण, टाय लावलेला, बोलण्यात लोण्यासारखा मऊ. सोबत मिठाईचा खोका आणि सही करायचा कागद. शेखावतजींनी रीतीप्रमाणे त्याच्यापुढे गरम कचोऱ्या ठेवल्या. तो बोलू लागला, रोजगार, विकास, कॉलनीचं भाग्य. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हम को दुकानच नहीं मंगता." तो दचकला, मग समजावू लागला. काकूंनी त्याच्या नकाशात एकेक खोट काढली: जिना अरुंद आहे, रंग भडक आहे, दुकानाचं तोंड दक्षिणेला आहे. फाटकाकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तो म्हणाला, ट्रक फक्त दिवसा येतील. काकूंनी पदर सावरला. "चलो, आगे देखते हैं."

आम्ही उठलो. सगळे एकदम! खुर्च्या खडखडल्या, आणि अख्खी समिती एका रांगेत, ताठ मानेनं दाराबाहेर पडली. काय सांगू, अंगावर काटा आला माझ्या! पण रस्त्यावर चार पावलं टाकली आणि एकाएकी सगळ्यांच्या लक्षात आलं, की काहीतरी भयंकर चुकलं आहे. गिऱ्हाइकानं दुकानातून उठून जायचं असतं. आम्ही आमच्याच घरातून उठून आलो होतो! पाहुणा आत, यजमान रस्त्यावर. तो हाक मारून आम्हाला बोलावणार तरी कुठं, आमच्याच सभागृहात? आणि शेखावतजींचा तर जीव कासावीस झाला. "हुकम, मेहमान अकेला बैठा है," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "किसी ने दूसरी कचौरी का भी नहीं पूछा!" मी काकूंकडे पाहिलं. त्यांचाही चेहरा क्षणभर उतरला होता. सराव त्यांच्याच दिवाणखान्यात झाला होता. तेव्हाही आपण आपल्याच घरातून उठतोय, हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. पण काकू त्या काकू! "चालत ऱ्हावा," त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या. "पीछे नहीं देखने का."

चालत राहणार किती? गल्ली संपत आली. पुढे निंब, निंबापुढे हमरस्ता. त्या दिवशी रविवार म्हणून कमला सकाळीच ठेला घेऊन आली होती. काकू तिच्यापुढं थांबल्या, आणि आम्ही सगळे त्यांच्याभोवती. "कमळे, बैंगन कैसे दिया?" काकूंनी मोठ्यानं विचारलं. आवाजात जरासा कंप होता. तो मला ऐकू आला आणि कमलालाही आला असावा, कारण ती आमच्या एवढ्या गर्दीकडे बघत काही न विचारता वांगी पुढे करू लागली. मागे सामसूम. सभागृहाचं दार वाजत नव्हतं. शेखावतजी वळायला लागले तशी काकूंनी त्यांच्या हातात एक वांगं ठेवलं आणि म्हणाल्या, "देखो, कीडा है क्या." ते बिचारे वांगं निरखू लागले.

आणि मग आली. "माताजी! सुनिए तो!"

कुणी वळलं नाही. कॉलनीची समिती श्वास रोखून वांगी बघत होती. "काकूजी!" दुसरी हाक, जवळून. काकू वांग्याचं देठ चाचपत होत्या. तिसऱ्या हाकेला तो माणूसच ठेल्यापाशी आला, धापा टाकत, टाय खांद्यावर उडालेला, एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात अर्धी कचोरी. लोक ओरडले तर त्यांना थकू द्यायचं, हे त्याला शिकवलेलं असणार. पण न ओरडता उठून गेलेल्यांचं काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून त्यानं काय काय कल्पना केल्या असतील, देव जाणे. "आप चाहती क्या हैं?" त्यानं विचारलं.

तेव्हा काकू वळल्या. आणि पहिल्यांदाच त्यांनी त्या भिंतीकडे पाहिलं, जणू ती आत्ताच दिसली. "ये दीवार," त्या म्हणाल्या, "ऐसीच रहने का." तो म्हणाला, फाटक लहान करू. काकूंनी वांगं उचललं. तो म्हणाला, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला करू. काकूंनी वांगं कमलाच्या तागडीत टाकलं आणि पिशवी उघडली. त्यानं खिशातून फोन काढला, निंबाच्या पलीकडे जाऊन वरच्या साहेबांशी बराच वेळ बोलला, आणि परत आला तेव्हा फाटक हमरस्त्याच्या बाजूला गेलं होतं. भिंत जागेवर, निंब जागेवर, ठेले जागेवर. तसं लिहूनही द्यायला तो तयार झाला. शेखावतजींनी हातातल्या वांग्यासकट हात जोडले. आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "और ऊपर से क्या?"

"ऊपर से?" तो बघतच राहिला.

"इतना बड़ा सौदा हुआ, और ऊपर से कुछ नहीं? ये कमळी भी धनिया देती है." कमलानं ताबडतोब कोथिंबिरीची जुडी उचलून साक्ष दिली. तो माणूस आधी गोंधळला, मग हसायला लागला, इतका की त्याला निंबाला टेकावं लागलं. निंबाभोवती बसायला दगडी ओटा आणि शेजारी पाण्याचा नळ, हे आमचं 'वरून'. ते त्यानं आपल्या हातानं कागदावर लिहिलं. मग शेखावतजींनी त्याला हाताला धरून सभागृहात परत नेलं आणि एकट्याला सोडून गेल्याची भरपाई म्हणून इतक्या आग्रहानं कचोऱ्या खाऊ घातल्या, की तो फाटक परत मागायच्या स्थितीत राहिला नाही. ओटा बांधून झाला त्या संध्याकाळी ढोल वाजला. शेखावतजींनी नागमोडी पट्ट्यांचा लहरियाचा साफा काकूंच्या डोक्यावर स्वतःच्या हातांनी बांधला. सगळी कॉलनी 'काकूजी की जय' म्हणत होती आणि काकू साफ्याखालून ओरडत होत्या, "अहो, थोडा कमी गुंडाळा, मान मोडली माझी!" शेखावतजींनी एक वेढा कमी केला.

पुढं दुकान झालं. छान झालं, खोटं कशाला बोलू. काकूंना घेऊन मीच गेले पहिल्यांदा. गारेगार हवेत त्यांनी भेंडीचं पाकीट उचललं आणि तिथल्या मुलाला विचारलं, "कल की है क्या?" त्यानं चिठ्ठी वाचून दाखवली. पैसे घेणाऱ्या मुलीला त्यांनी आशेनं विचारलं, "ऊपर से?" ती गोड हसून म्हणाली, "मैम, बैग का अलग लगेगा." काकू बाहेर येऊन ओट्यावर बसल्या. "भाव बरा हाय गं," त्या म्हणाल्या. "पण 'माताजी, लूट लिया' म्हटलं न्हाई कुणी. त्याशिवाय भाजी शिजतीय होय?" मग कमलाकडं वळून त्यांनी भेंडीला नावं ठेवायला सुरुवात केली, आणि कमलाचा चेहरा उजळला.

आणि मग, त्या म्हणाल्या होत्या तसंच झालं. माझी बदली आली. काकूंनी ती मान्यच केली नाही. "होळीनंतरची गणगौर होईपर्यंत थांब," म्हणाल्या. जमणार नाही काकू. "बरं, होळीपर्यंत." काकू, हुकूम आहे बँकेचा. "तुझ्या साहेबाला चहाला बोलाव, मी बोलतो." निघायच्या सकाळी सामान गेलं होतं, टॅक्सी दारात होती, मुलगी आत बसली होती. काकूंनी भडंगाचा डबा माझ्या हातात दिला आणि शेवटचा भाव सांगितला: "दोन दिवस. नुसते दोन दिवस ऱ्हा."

मी मान हलवली. काकूंनी पदर सावरला. "बरं, ऱ्हाऊ दे मग," म्हणाल्या, वळल्या आणि मागच्या गल्लीतल्या निंबाकडं चालायला लागल्या, ताठ मानेनं, मागं न बघता. मला नियम ठाऊक होता. हाक मारणाऱ्यानं काहीतरी सोडायचं असतं, आणि माझ्याजवळ सोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिकीट ठरलेलं, तारीख ठरलेली. तरी माझ्यानं राहवलं नाही. मी टॅक्सीचं दार धरून हाक मारली, "काकू!"

आणि आमच्या समोरच्या काकू पहिल्याच हाकेला वळल्या.